रंगरावांचा दाखला

“तेवीस माणसं आहेत, आणि मला तेवीस दाखले एका दिवसात पाहिजेत,” मी म्हणाले.

हवालदार सनदींनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. पोलीस ठाण्यातल्या गोपनीय शाखेचं टेबल त्यांचं. गावातल्या कुणीही चारित्र्याच्या दाखल्यासाठी अर्ज केला की तो त्यांच्या हाताखालून जायचा.

“मॅडम, दाखले म्हणजे काय भजी आहेत? घाणा टाकला आणि काढला?”

“भजी असती तर मी घरीच तळली असती. तुमच्याकडे कशाला आले असते?”

ते हसले नाहीत, पण समोरची खुर्ची पुढे सरकवली. मी बसले नाही. बसलं की माणसाला थांबायची सवय लागते, हे मी एकतीस वर्षं कोर्टात बघितलंय. त्याच गावच्या फौजदारी कोर्टात मी लिपिक होते. गावाचं नाव सांगत नाही. कोल्हापूर भागातलं तालुक्याचं गाव, एवढं पुरे. माणसं अजून आहेत. निवृत्त झाल्यावर घरात जीव रमेना, म्हणून मी मूकबधिर मुलांच्या निवासी शाळेत जायला लागले आणि वर्षभरात संस्थेची सचिव होऊन बसले. तोंडावर सगळे मला हिरेमठ मॅडम म्हणत. पाठीमागे काय म्हणत ते मला ठाऊक आहे, पण ते जाऊ दे.

तर झालं होतं असं. दुसऱ्या कुठल्याशा वसतिगृहात एका माणसानं मुलांशी नको ते केलं आणि वरून परिपत्रक आलं. मुलांच्या संपर्कात येणाऱ्या प्रत्येकानं, पगारी असो की फुकट काम करणारा, आपल्यावर गुन्हा नसल्याचा पोलिसांचा दाखला द्यायचा. महिनाअखेर ज्याचा दाखला नाही त्यानं शाळेच्या फाटकाच्या आत यायचं नाही. नियम चांगलाच होता. तेव्हाही मला तसं वाटलं आणि आजही वाटतं. अडचण होती ती दाखला मिळवण्याची. सायबर कॅफेत जाऊन अर्ज भरा, फी भरा, फोटो जोडा, मग ठाण्यात जा. तिथे साहेब बंदोबस्ताला गेलेत, उद्या या, येताना दोन ओळखीची माणसं आणा. आमच्याकडे येणारे कोण? शिवण शिकवणाऱ्या एक बाई, चित्रकलेचे म्हातारे मास्तर, सणावाराला भाकरी-कालवण करून आणणाऱ्या गल्लीतल्या बायका. त्यांनी कामधंदा बुडवून ठाण्याच्या पायऱ्या किती दिवस झिजवायच्या? त्यात एक बाई म्हणाली, पोलीस ठाण्यात जाऊन आले तर सासू उंबऱ्यातच अडवेल. पंधरा दिवसांत तेविसातले नऊ जण नाद सोडून बसले होते.

“तुम्ही शाळेत या,” मी सनदींना म्हणाले. “रविवारी. लॅपटॉप आणा, तुमचं जुनं रजिस्टर आणा. अर्ज मी आधी भरून ठेवते. फोटोवाला मी बसवते. ओळखीची माणसं तिथंच आहेत, एकमेकांसाठी सह्या करतील. आणि फुकट काम करणाऱ्याकडून फी घेणं बरं दिसत नाही, हे तुमच्या साहेबांना पटलंय.”

“साहेबांना पटलं?”

“तीनदा गेले. तिसऱ्यांदा पटलं.”

सनदींनी कपाळाला हात लावला आणि रविवारच्या तारखेवर पेनानं गोल केला.

मी घरी आले ती हवेतच. पण तेविसातला एक माणूस मला अजून हो म्हणाला नव्हता, आणि तो गेला असता तर बाकीचे बावीस राहूनही मला चालणार नव्हतं.

तो म्हणजे रंगराव संकपाळ. बाजारपेठेत त्यांचं केस कापायचं दुकान. सोमवारी दुकान बंद, म्हणून दर सोमवारी ते चार वाजता पत्र्याची पेटी घेऊन शाळेत यायचे आणि साठ पोरांचे केस आळीपाळीनं कापायचे. चार वर्षं. कुणी बोलावलं नव्हतं, आपण होऊन आले होते. ऐकू न येणाऱ्या मुलाच्या मागून हात आला की ते दचकतं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ते पोराच्या पुढ्यात आरसा धरायला दुसरं पोर बसवायचे, कात्री आधी त्याच्या हातात द्यायचे, मग आपण मागे जायचे. मुलांनी त्यांना खूण ठेवली होती: दोन बोटं कानाशी नेऊन कात्रीसारखी चालवायची. ती खूण फाटकाशी कुणी केली की अख्खं वसतिगृह धावत यायचं.

कस्तुरी नावाची नऊ वर्षांची मुलगी होती आमच्याकडे. तिच्या कानामागे ऑपरेशन करून ऐकायचं यंत्र बसवलेलं. त्यानंतर ती डोक्याला कुणाला हात लावू द्यायची नाही, आईलाही नाही. केसांच्या जटा झाल्या, व्रणाभोवती पुरळ आलं. रंगराव सलग तीन सोमवार तिच्याशेजारी नुसते बसून राहिले. चौथ्या सोमवारी तिनं स्वतःच त्यांचा हात धरून कानापाशी नेला. तेव्हापासून तिच्या डोक्याला हात लावायचा तो फक्त त्यांनी. डॉक्टर म्हणाले होते, व्रणाजवळ केस वाढू द्यायचे नाहीत, यंत्र नीट बसणार नाही. म्हणजे बघा, रंगराव गेले तर काय होणार होतं ते.

त्या सोमवारी मी त्यांना गाठलं.

“रंगराव, रविवारी यायचं. दहा वाजता.”

“रविवार म्हंजी दुकानात गर्दीचा दिस, बाईसाहेब.”

“अर्ध्या तासाचं काम आहे.”

“फोटो न्हाई माझ्याकडं.”

“फोटोवाला येणार आहे.”

“मला लिवायला-वाचायला येत न्हाई.”

“अर्ज मी भरते. तुम्ही फक्त सही करायची. सही येते ना?”

ते हसले. “सही येती. तेवढीच येती.” मग कात्री झटकून म्हणाले, “मला नका घेऊ त्यात. नसंल तर पोरास्नी बाहेर कट्ट्यावर पाठवा, तितं कापतो.”

“रंगराव, लोक म्हणतात दाखला म्हणजे कटकट. मी सगळी कटकट काढून टाकलीय. आता तुम्हाला काय अडचण आहे ते तरी सांगा.”

“अडचण काय न्हाई,” ते म्हणाले आणि पुढच्या पोराच्या गळ्याभोवती फडकं बांधायला लागले.

मला वाटलं, साधा माणूस आहे, पोलिसांना बिचकतो. माझं डोकं एकदा चालायला लागलं की समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं राहून जातं. हा माझा जुना रोग आहे आणि माझ्या नवऱ्यानं तो मला आयुष्यभर ऐकवला.

रविवारी शाळेचा हॉल लग्नघरासारखा दिसत होता. सनदी एका टेबलाशी, फोटोवाला खिडकीशी, आमचे अध्यक्ष डॉक्टर मगदूम दारात उभे राहून येईल त्याला चहा देत होते. साडेअकरापर्यंत बावीस जण झाले. सासूवाली बाई चक्क सासूला घेऊन आली होती, आणि सासूनं विचारलं, मलाही एक दाखला मिळेल का. रंगराव आले नव्हते.

मी चप्पल घातली आणि बाजारपेठेत गेले. दुकानात पाच माणसं बाकावर आणि एक खुर्चीत, गालाला साबण लावलेला.

“चला.”

“बाईसाहेब, ह्येंची अर्धी दाढी...”

“अर्ध्या दाढीनं कुणी मरत नाही,” मी म्हणाले. खुर्चीतल्या माणसानं स्वतःच फडक्यानं साबण पुसला. मला त्या गावात फारसं कुणी काही बोलत नसे.

रिक्षात ते माझ्याशेजारी अंग चोरून बसले होते. हॉलमध्ये आल्यावर मी त्यांचा अर्ज पुढे ठेवला. सगळ्या रकान्यांत माझं अक्षर. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. ती ओळ त्यांना कशी कळली कोण जाणे. बहुतेक तिच्यापुढे दोन चौकोन होते म्हणून.

“हितं काय लिवलंय?”

“तुमच्यावर कधी काही गुन्हा, केस वगैरे आहे का, ते विचारलंय.”

“आन तुमी काय लिवलंसा?”

“नाही, असं. दुसरं काय लिहिणार?”

ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मला आठवतंय, मी घड्याळ बघितलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर एकदम काहीतरी सैल झालं, पाठीवरचं पोतं उतरवल्यावर होतं तसं. “तुमीच ‘न्हाई’ लिवलंसा म्हंजी झालं,” ते म्हणाले आणि अर्जावर एकेक अक्षर कोरत सही केली.

दहा मिनिटांनी सनदींनी मला खूण केली. मी टेबलाशी गेले तेव्हा त्यांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं आणि हळू आवाजात वाचलं.

“रंगराव दादू संकपाळ. धंदा न्हावी. कलम तीनशे चोवीस, धारदार हत्यारानं दुखापत. बावीस वर्षांपूर्वीचं आहे. शिक्षा झालेली आहे, मॅडम. कोर्ट उठेपर्यंत कैद आणि दंड.”

“दुसरा कुणी असेल.”

“पत्ता तोच. बापाचं नाव तेच.” त्यांनी अर्ज उचलला. “आणि इथं ‘नाही’ लिहून सही केलीय. एवढ्यावर दाखला नाकारला असता आणि विषय मिटला असता. पण हे खोटं लिहून दिलंय. हे पुढं गेलं तर नवीन भानगड होते.”

डॉक्टर मगदूम चहाची किटली घेऊन मागेच उभे होते. ते पांढरेफटक पडले. वाईट माणूस नव्हे तो. त्यांनी पदरचं घालून ती शाळा उभी केलेली, आणि गेले पंधरा दिवस त्यांना झोप नव्हती. “वस्तरा घेऊन चार वर्षं पोरांत बसतोय,” ते म्हणाले. “मॅडम, हे आपणच पोलिसांत दिलं पाहिजे. नाहीतर उद्या लोक म्हणतील, संस्थेनं लपवलं.”

मी रंगरावांना स्वयंपाकघरामागे भांडी घासायच्या कट्ट्यापाशी नेलं. मला भयंकर राग आला होता. सगळं माझ्या मनासारखं चाललं असताना ह्या माणसानं माझं नाक कापलं, असा तो राग होता. खरं सांगायचं तर मुलांचा विचार त्यात नंतर आला.

“चार वर्षं मला फसवलंत.”

“मी?”

“तीनशे चोवीसची शिक्षा झालेला माणूस माझ्या पोरांच्या गळ्याशी वस्तरा धरून बसतो, आणि मला पत्ता नाही.”

त्यांचं तोंड उघडंच राहिलं. मग ते इतक्या हळू बोलले की मला पुढे वाकावं लागलं.

“पर तुमीच ‘न्हाई’ लिवलंसा की, बाईसाहेब. तुमास्नी समदं ठावं असताना.”

“मला काय ठाऊक असताना?”

“तुमच्याच कोर्टात की. पाच वर्सं तारखा घेतल्या मी. त्यो गडी दारू पिऊन दाढीला बसलावता, मान हिसडली, कानाला लागलं. त्याचं आमच्या थोरल्याशी बांधावरनं भांडान, म्हणून केस केली. दर तारखंला दुकान बंद. ना साक्षीदार यायचा, ना निकाल लागायचा. एक दिस तुमी मला टेबलापाशी बोलावलंसा. म्हणालासा, ‘अहो संकपाळ, किती हेलपाटे घालणार? कबूल करून टाका. कोर्ट उठेपर्यंत बसवतील, दंड भरा आणि संध्याकाळी मोकळे व्हा.’”

मी कट्ट्यावरचा गळका नळ घट्ट बंद केला.

“मी इच्चारलं तुमास्नी. म्हणलं, बाईसाहेब, हे माझ्या नावावर ऱ्हात न्हाई न्हवं? तुमी म्हणालासा, ‘कोण बघतंय? काही राहत नाही.’ मग केलं कबूल. दिसभर तुमच्या टेबलासमोरच्या बाकावर बसलो. पाच वाजता साहेब उठलं, आन मी बी उठलो.”

मला काही म्हणजे काहीच आठवत नव्हतं. कसं आठवणार? असं मी किती जणांना सांगितलं असेल. सायकलवाले, भाजीवाले, मारामारीतले, बांधावरचे. पाच-पाच, सात-सात वर्षं खेटे घालणारी माणसं. त्यांची दया यायची हे खरं. कबुली दिली की महिन्याच्या तक्त्यात निकाली प्रकरणांचा आकडा वाढायचा आणि साहेब खूश व्हायचे, हेही खरं. यातलं आधी काय आणि नंतर काय, हे मी तेव्हा कधी तपासलं नाही.

“मोकळं झालो बघा,” रंगराव म्हणाले. “धंदा चालला, पोरींची लग्नं झाली. चार वर्सांमागं कळलं, त्या बाईसाहेब आता ह्या शाळंत असत्यात. म्हणलं, आपल्याला सोडीवलं त्यांनी, तर त्यांच्या पोरांची केसं तरी कापावी.”

“मग दाखल्याला टाळत का होता?”

“भ्या वाटत हुतं. असंल का नसंल, कुणाला ठावं. पर तुमी सोता ‘न्हाई’ लिवलं, मग म्हणलं, आता ह्येंच्याइतकं कुणाला म्हाईत असणार? पुसलं असंल.” त्यांनी मान वर केली. “मला चार वर्सं वाटत हुतं, तुमास्नी ठावं हाय, आन तरीबी तुमी मला आत घेतलंय. बाईसाहेब, तुमी मला...”

“मॅडम,” डॉक्टर मगदुमांची हाक आली. मी वळले आणि जवळजवळ पळालेच.

सनदींनी मंगळवारपर्यंत अर्ज आपल्याकडे ठेवायचं कबूल केलं. सोमवारी सकाळी मी कोर्टाच्या अभिलेख कक्षात गेले. तिथली मुलं अजून मला ओळखत होती. दोन तास धूळ खाल्ल्यावर रजिस्टर आणि त्यासोबत एक जुना कागद हाती लागला. छापील नमुना, मधल्या मोकळ्या जागा पेनानं भरलेल्या. आरोपीस कबुलीचे परिणाम समजावून सांगितले. आरोपी स्वखुशीने गुन्हा कबूल करतो. खाली न्यायाधीशांची सही आणि आरोपीची सही, कोरून काढल्यासारखी. मोकळ्या जागांतलं अक्षर माझं होतं.

मी तिथल्या स्टुलावर बसले. एकतीस वर्षं ज्या इमारतीत काम केलं तिथे पहिल्यांदाच अशी रिकामी बसले, आणि मला उठता येईना. तिथल्या मुलीनं पाणी आणून दिलं आणि विचारलं, बीपीची गोळी घेतली नाही का. मी घेतली होती.

सोमवार म्हणजे केस कापायचा दिवस. चार वाजता मी शाळेत गेले तेव्हा पोरं फाटकाशी जमून कानाशी दोन बोटं चालवत होती. कस्तुरी सगळ्यात पुढे, आरसा घेऊन. मी हातानं सांगितलं, आज नाही. तिनं विचारलं, उद्या? मी काहीतरी हात हलवले, ज्याचा कुठल्याच भाषेत काही अर्थ होत नव्हता, आणि ऑफिसात जाऊन दार लावून घेतलं.

मंगळवारी दुपारी कमिटी बसली. डॉक्टर मगदूम, दोन सदस्य, मी आणि कोपऱ्यात सनदी, मांडीवर तो अर्ज घेऊन. मगदुमांनी ठराव लिहूनच आणला होता: संकपाळ यांना प्रवेश बंद, आणि खोटी माहिती देऊन संस्थेची फसवणूक केली म्हणून पोलिसांत तक्रार.

“पहिलं ठीक आहे,” मी म्हणाले. “नियम आहे. दुसरं नको. अर्ज माझ्या अक्षरात आहे. ‘नाही’वर खूण मी केली. त्यांना वाचता येत नाही.”

“ते आम्हाला ठाऊक आहे, मॅडम. तुम्ही चांगल्या मनानं भरलात. पण त्यांनी तुम्हाला सांगायला नको? तुम्हाला तर काही कल्पनाच नव्हती.”

सुटायची वाट किती सोपी होती. नुसती मान हलवायची होती. मग मी फसवली गेलेली म्हातारी, आणि रंगराव पुन्हा कोर्टाच्या बाकावर.

“कल्पना होती,” मी म्हणाले. “मला माहीत होतं. ती कबुली माझ्या समोर झालीय, माझ्या हातानं लिहिली गेलीय.” मी त्या कागदाची नक्कल टेबलावर ठेवली. “त्यांना कबूल करा असं सांगणारीही मीच. काही नोंद राहणार नाही, असं सांगणारीही मीच. माहीत असून मी त्यांना शाळेत घेतलं आणि माहीत असून ‘नाही’ लिहिलं. तक्रार करायची तर माझ्यावर करा.”

मगदूम कागद वाचत होते. सनदी माझ्याकडे बघत होते. रविवारी रजिस्टर फिरवलं तेव्हा माझा चेहरा त्यांनी बघितला होता. मी खोटं बोलतेय हे त्या खोलीत त्यांना एकट्यालाच कळलं, याबद्दल मला आजही शंका नाही.

त्यांनी घसा खाकरला. “संस्थेनं हा अर्ज मागं घेतला, एवढं लिहून द्या. मग मला पुढं पाठवायचं कारण नाही.”

मगदुमांनी तसं लिहून दिलं. मग चष्मा काढून मला म्हणाले, “मॅडम, तुम्ही असं करायला नको होतं.” मी म्हणाले, खरं आहे, आणि सचिवपदाचा राजीनामा तिथंच लिहिला. त्यांनी तो नको म्हटलं नाही.

तिथून तडक दुकानात गेले. संध्याकाळचे सहा वाजले असतील. रंगराव एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाची हजामत करत होते. मला बघून हात थांबला.

“तक्रार होणार नाही,” मी म्हणाले. “अर्ज मागे घेतला. तुमच्यावर काही येणार नाही.”

“आन शाळंत?”

“शाळेत येता येणार नाही. वरच्या ऑफिसात सवलतीसाठी अर्ज करते. करत राहते. पण आता तरी नाही.”

त्यांनी मान हलवली. वस्तरा फडक्याला पुसला, पुन्हा पुसला. “त्या पोरीच्या कानामागं वाढलं असंल. कुणी कापलं तर सांगा, आधी तिच्या हातात कात्री द्यायची. नुसतं दाखवून भागत न्हाई, हातातच द्यायची.”

“सांगते.”

मी निघायला वळले तेव्हा त्यांनी हाक मारली. म्हातारा डोळे मिटून खुर्चीत पडला होता.

“बाईसाहेब, एक इच्चारू? रविवारी तुमी रागावलासा तवा मला क्षणभर वाटलं, तुमास्नी मी आठवतच न्हाई. वळखलंच न्हाई तुमी मला कवा. दोन दिस तेच डोक्यात हाय. केस, दाखला, त्याचं काय वाटत न्हाई एवढं. तुमी वळखलं हुतं न्हवं मला?”

कोर्टात माणसं शपथ घेऊन खोटं बोलताना मी रोज बघायचे आणि मनात म्हणायचे, ह्यांची जीभ कशी झडत नाही.

“ओळखलं होतं,” मी म्हणाले. “पहिल्याच दिवशी. फाटकातून पेटी घेऊन आलात तेव्हाच.”

“मग झालं,” ते म्हणाले. तोंडभर हसले, आणि म्हाताऱ्याची मान हलकेच वळवून कामाला लागले.

याला आता नऊ वर्षं झाली. रंगराव तीन वर्षांपूर्वी गेले, म्हणून आज सांगते आहे. सवलतीच्या अर्जाचं उत्तर ते असेपर्यंत आलं नाही, अजूनही नाही. कस्तुरीचे केस शेवटी शाळेच्या मावशींनी कापले, कात्री आधी तिच्या हातात देऊन. दोन महिने लागले तिला तयार व्हायला, आणि तेवढ्यात व्रण एकदा पिकला. शाळेत दाखले द्यायची माझी पद्धत आता आसपासच्या तालुक्यांतही वापरतात आणि लोक मला सांगतात, मॅडम, तुमच्यामुळे किती सोपं झालं.

त्या संध्याकाळी दुकानातून घरी चालत येताना मी खूप प्रयत्न केला. माझ्या टेबलासमोरचा बाक, त्यावर अठ्ठावीस वर्षांचा एक न्हावी, दिवसभर माझ्याकडे बघत बसलेला. बाक दिसायचा. त्यावर कुणीच दिसायचं नाही. आजही झोपायच्या आधी मी एकदा बघते, आणि अजून कुणी दिसत नाही.